अन्नघटक म्हणून अल्कोहोल आणि हलाल

अन्नघटक म्हणून वापरले जाणारे अल्कोहोल हलाल आहे की हराम, हा इस्लामी आहारनियमांतील एक विवाद्य प्रश्न आहे. मादक पेय पिणे इस्लाममध्ये निषिद्ध आहे, याविषयी मुस्लीम विद्वानांत मतभेद नाही. मात्र व्हॅनिला अर्कातील द्रावक, पावातील किण्वनाने तयार झालेला अंश, सिरक्यातील अवशेष किंवा शीतपेयातील सुगंधासोबत आलेले अत्यल्प इथेनॉल यांनाही तोच निषेध लागू होतो का, याची उत्तरे निरनिराळी दिली जातात. हे उत्तर प्रामुख्याने चार बाबींवर अवलंबून असते: अल्कोहोलचा मूळ स्रोत, ते मिसळण्याचा हेतू, अंतिम पदार्थातील त्याचे प्रमाण व परिणाम, आणि संबंधित व्यक्ती ज्या फिकह परंपरेचे (मझहबाचे) पालन करते ती परंपरा. पदार्थात अल्कोहोलचा अंश सापडणे एवढ्यावरून तो पदार्थ हराम ठरत नाही. तसेच प्रमाण कमी असणे एवढ्यावरून तो हलालही ठरत नाही.

महाराष्ट्रात उसाच्या मळीपासून आणि द्राक्षांपासून अशा दोन्ही प्रकारे अल्कोहोल तयार होते. राज्यातील मुस्लीम समाजात हनफी व शाफई या दोन्ही परंपरांचे अनुयायी आहेत. त्यामुळे या प्रश्नाचे बहुतेक सर्व पैलू या एकाच राज्यात पाहावयास मिळतात.

== संज्ञा ==

रसायनशास्त्रात 'अल्कोहोल' हे एका मोठ्या संयुगवर्गाचे नाव आहे. सॉर्बिटॉल, झायलिटॉल, मॅनिटॉल यांसारखी 'शर्करा अल्कोहोले' तसेच ग्लिसरॉल हेही याच वर्गात मोडतात. परंतु त्यांना मादक गुण नाही. त्यामुळे बिनसाखरेच्या गोळ्यांतील सॉर्बिटॉल किंवा च्युइंगममधील झायलिटॉल यांच्याबाबत मद्यनिषेधाचा प्रश्न उद्भवत नाही. ग्लिसरॉलबाबत विचारला जाणारा प्रश्न वेगळा आहे. ते प्राणिज चरबीपासून मिळविले आहे की वनस्पती तेलापासून, हे तेथे पाहिले जाते.

हलालच्या चर्चेत 'अल्कोहोल' या शब्दाने इथेनॉल अभिप्रेत असते. हे दोन कार्बन, सहा हायड्रोजन व एक ऑक्सिजन अणू असलेले संयुग असून त्याचा उत्कलनांक सुमारे ७८ अंश सेल्सिअस आहे. कुराणात मात्र इथेनॉल या पदार्थाचा नव्हे, तर 'खम्र' या मादक पेयाचा निषेध आहे. खम्र आणि इथेनॉल यांचा परस्परसंबंध कसा लावायचा, हाच या वादाचा गाभा आहे. एका मतानुसार इथेनॉल हाच मादक अंश असल्याने तो जेथे असेल तेथे खम्रचा नियम लागतो. दुसऱ्या मतानुसार खम्र म्हणजे नशेसाठी प्यायले जाणारे पेय होय. केवळ रसायन म्हणून वापरलेले इथेनॉल खम्र ठरत नाही.

== अन्नात अल्कोहोल येण्याचे मार्ग ==

'''नैसर्गिक किण्वन.''' साखर व यीस्ट एकत्र आल्यास अल्प प्रमाणात इथेनॉल तयार होते. पिकलेली फळे, फळांचे रस, पाव, सोया सॉस व केफिर यांत ते आढळते. जर्मनीत झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संत्री, सफरचंद व द्राक्षे यांच्या बाजारी रसांत दर लिटरला ०.७७ ग्रॅमपर्यंत, तर बर्गरचा पाव व गोड दुधाचा पाव यांसारख्या काही वेष्टित बेकरी पदार्थांत दर १०० ग्रॅमला १.२ ग्रॅमहून अधिक इथेनॉल आढळले होते.

'''द्रावक.''' सुगंधद्रव्ये व काही रंग पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी इथेनॉल सोयीचे ठरते. अमेरिकी मानकानुसार 'व्हॅनिला अर्क' या नावाने विकल्या जाणाऱ्या द्रवात आकारमानाने किमान ३५ टक्के इथेनॉल असावे लागते. एक किलो केकच्या मिश्रणात असा अर्क एक-दोन चमचेच पडतो. इथेनॉलऐवजी प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरॉल किंवा ट्रायअ‍ॅसेटिन हे द्रावकही वापरता येतात. बिर्याणी व मिठाईत वापरले जाणारे केवडा जल आणि गुलाबजल पारंपरिक पद्धतीने फुलांच्या वाफेपासून मिळविले जाते. त्यात अल्कोहोलची गरज नसते.

'''मद्य हाच घटक.''' रममध्ये भिजवलेल्या सुक्यामेव्याचा केक, ब्रँडी भरलेली चॉकलेटे, वाईन घालून शिजवलेले मांस आणि बिअरमध्ये कालवलेले तळणीचे पीठ हे या प्रकाराचे नमुने आहेत.

'''परिरक्षक व प्रक्रिया साहाय्यक.''' काही देशांत पावाच्या वा केकच्या पृष्ठभागावर बुरशी येऊ नये म्हणून इथेनॉल फवारले जाते. यंत्रे व भांडी निर्जंतुक करण्यासाठीही ते वापरले जाते.

शिजवल्यावर सर्व अल्कोहोल उडून जाते, हा समज बरोबर नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार मद्य ओतून पेटवलेल्या पदार्थात सुमारे ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. मिश्रणात ढवळून १५ मिनिटे शिजवल्यास सुमारे ४० टक्के, एक तास शिजवल्यास सुमारे २५ टक्के आणि अडीच तास शिजवल्यास सुमारे ५ टक्के अल्कोहोल उरते. म्हणून 'उष्णतेने दोष गेला' हा युक्तिवाद बहुसंख्य विद्वान मद्य घातलेल्या पदार्थांच्या बाबतीत ग्राह्य धरत नाहीत.

== धार्मिक आधार ==

कुराणात मद्याचा निषेध टप्प्याटप्प्याने आला, असे भाष्यकार मानतात. अल-बकरा या सूरेतील २१९ व्या आयतीत मद्याची हानी त्याच्या लाभाहून मोठी असल्याचे म्हटले आहे. अन-निसा सूरेतील ४३ व्या आयतीत नशेच्या अवस्थेत नमाजाजवळ जाण्यास मनाई आहे. अल-माइदा सूरेतील ९० व ९१ या आयतींत मद्य, जुगार इत्यादींना अपवित्र व त्याज्य ठरवून पूर्ण निषेध केला आहे.

हदीस साहित्यातील दोन तत्त्वे या चर्चेत वारंवार येतात. पहिल्यानुसार प्रत्येक मादक पदार्थ खम्र असून प्रत्येक खम्र हराम आहे. दुसऱ्यानुसार जे अधिक प्रमाणात घेतल्यास नशा आणते, ते अल्प प्रमाणातही हराम आहे. दुसऱ्या तत्त्वाचा अर्थ लावताना अनेकदा गल्लत होते. येथे कसोटी मूळ पेयाला लावली जाते: मद्याचा एक पेला नशा आणत असेल, तर त्याच मद्याचा एक थेंबही निषिद्ध ठरतो. पाव किंवा संत्र्याचा रस पोटभर घेतला तरी नशा येत नाही. त्यामुळे त्यांतील नैसर्गिक अंशाला हे तत्त्व लागू होत नाही, असे बहुतेक समकालीन विद्वान मानतात.

खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेले 'नबीज' हे पेय पैगंबर मुहंमद पीत असत, असे हदीसमध्ये नमूद आहे. ते ताजे असताना प्यायले जाई आणि सुमारे तीन दिवसांनंतर टाळले जाई. एकच द्रव ताजा असता हलाल व आंबून मादक झाल्यावर हराम ठरतो, हे यावरून स्पष्ट होते.

== फिकह परंपरांतील भूमिका ==

=== हनफी ===

भारतीय उपखंडातील बहुसंख्य सुन्नी मुस्लीम हनफी आहेत. इमाम अबू हनीफा व त्यांचे शिष्य अबू यूसुफ यांच्या मते मूळ अर्थाने खम्र म्हणजे द्राक्षाचा कच्चा रस आंबून झालेले मद्य होय. द्राक्षे, मनुका व खजूर यांपासूनची मादक पेये थोड्या प्रमाणातही निषिद्ध असून ती नजीस, म्हणजे अपवित्र, मानली जातात. मध, गहू, जव इत्यादींपासूनच्या पेयांबाबत या दोघांनी नशा येण्याइतक्या प्रमाणाला निषेध लावला. तिसरे मोठे हनफी विधिज्ञ इमाम मुहंमद यांनी मात्र स्रोत कोणताही असो, प्रत्येक मादक पेय अल्प प्रमाणातही हराम ठरविले.

उत्तरकालीन हनफी विद्वानांनी पिण्याच्या बाबतीत इमाम मुहंमद यांचे मत स्वीकारले. त्यामुळे बिअर, देशी दारू किंवा ताडी पिणे हनफी परंपरेतही हरामच आहे. औषधे, अत्तरे व अन्नातील द्रावक यांच्या बाबतीत मात्र अनेक समकालीन हनफी मुफ्ती पहिल्या दोघांच्या मताचा आधार घेतात. पाकिस्तानातील विद्वान मुहंमद तकी उस्मानी यांनी असे प्रतिपादन केले आहे की, आज औषधांत व सुगंधांत वापरले जाणारे बहुतांश अल्कोहोल द्राक्षे वा खजूर यांपासून बनत नाही. ते धान्य, साखर किंवा अन्य द्रव्यांपासून बनते, म्हणून त्याबाबत सवलतीस वाव आहे. समाजात एखादी गोष्ट इतकी सर्वत्र पसरणे की ती टाळणे अतिशय कठीण व्हावे, या स्थितीला 'उमूम-ए-बलवा' म्हणतात. या सवलतीसाठी तिचाही आधार घेतला जातो. इमाम मुहंमद यांच्या मतावरच ठाम राहणारे हनफी विद्वान ही सवलत मान्य करीत नाहीत.

=== शाफई ===

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरील कोकणी मुस्लीम समाज परंपरेने शाफई आहे. शाफई मतानुसार प्रत्येक द्रव मादक पदार्थ, त्याचा स्रोत कोणताही असला तरी, खम्र असून नजीस आहे. त्यामुळे उसापासूनचे व द्राक्षापासूनचे अल्कोहोल असा भेद या परंपरेत करता येत नाही. तरीही आग्नेय आशियातील शाफई बहुसंख्य देशांच्या फतवा मंडळांनी खम्र उद्योगातून आलेले अल्कोहोल आणि अन्य औद्योगिक इथेनॉल यांत फरक केला आहे.

=== अन्य परंपरा ===

मालिकी व हंबली परंपराही प्रत्येक मादक पेयाला खम्र मानतात. खम्र निषिद्ध असले तरी वस्तू म्हणून अपवित्र नाही, असे मत काही प्राचीन विद्वानांनी व आधुनिक काळात मुहंमद इब्न सालिह अल-उथैमीन यांनी मांडले आहे. शिया पंथातील अनुयायी आपापल्या धर्माधिकाऱ्यांच्या निर्णयांचे पालन करतात.

== स्वरूपबदल आणि विलीन होणे ==

अन्नातील अल्कोहोलच्या चर्चेत दोन पारिभाषिक संकल्पना महत्त्वाच्या आहेत. 'इस्तिहाला' म्हणजे एका पदार्थाचे गुणधर्म पूर्णपणे बदलून त्याचा दुसरा पदार्थ होणे. 'इस्तिहलाक' म्हणजे एखादा अल्प अंश मोठ्या प्रमाणातील पदार्थात मिसळून त्याची चव, रंग, गंध व परिणाम नाहीसा होणे.

इस्तिहालाचे प्रमाण उदाहरण सिरका हे आहे. इथेनॉलवर जिवाणूंची क्रिया होऊन त्याचे अ‍ॅसेटिक आम्लात रूपांतर होते. पैगंबरांनी सिरक्याची तोंडीलावणे म्हणून प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये आहे; त्यामुळे सिरका हलाल असण्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मद्याचा मुद्दाम सिरका करण्याबद्दल. हनफी मतानुसार मद्य आपोआप आंबट होवो किंवा काही घालून केले जावो, तयार झालेला सिरका हलालच असतो. शाफई मतानुसार मद्य आपोआप सिरक्यात बदलले तरच तो शुद्ध ठरतो. त्यात बाहेरून काही घालून बदल घडविल्यास तो शुद्ध ठरत नाही. मद्याचा सिरका करण्याविषयी विचारले असता पैगंबरांनी नकार दिल्याची हदीस या मताच्या समर्थनार्थ दिली जाते.

व्हॅनिला अर्काच्या बाबतीत इस्तिहलाकचा आधार घेतला जातो. टीकाकारांच्या मते अशुद्ध वस्तू आपणहून मिसळली जाणे आणि ती जाणीवपूर्वक मिसळणे यांत भेद करावयास हवा. दुसऱ्या प्रकाराला ही सवलत देता येत नाही.

== आधुनिक निर्णय व मर्यादा ==

१९९५ मध्ये कुवेत येथे इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिसंवादात खाद्यपदार्थांतील अल्कोहोलचा विचार झाला. मद्य घातलेली चॉकलेटे, आइस्क्रीम इत्यादी पदार्थ निषिद्ध ठरविण्यात आले. रंग व परिरक्षक विरघळविण्यासाठी वापरलेल्या अत्यल्प अल्कोहोलला मात्र, त्याचा बहुतांश भाग निर्मितीच्या वेळी उडून जातो आणि ते टाळणे कठीण आहे या कारणांनी, अनुमती देण्यात आली. हाच भेद पुढील अनेक निर्णयांचा पाया ठरला.

२००८ मध्ये कतारस्थित विद्वान यूसुफ अल-करदावी यांनी नैसर्गिक किण्वनाने आलेले ०.५ टक्क्यापर्यंतचे अल्कोहोल पेयात असल्यास ते निषिद्ध नाही, असे मत दिले. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २०११ मध्ये मद्य बनविण्याच्या हेतूने तयार न केलेल्या शीतपेयांसाठी १ टक्का, तर सुगंध व रंग स्थिर ठेवण्यासाठी वापरलेल्या अल्कोहोलसाठी ०.५ टक्के ही कमाल मर्यादा सांगितली. असे अल्कोहोल मद्यनिर्मितीतून आलेले नसावे, ही अटही घातली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ च्या दहाव्या क्रमांकाच्या फतव्यात पेयांसाठी ०.५ टक्क्याहून कमी ही सीमा ठेवली. पेय आरोग्यास अपायकारक नसावे, अशी जोड तिला दिली.

या टक्केवाऱ्या कुराणातून किंवा हदीसमधून आलेल्या नाहीत. नशा न आणणारे प्रमाण निश्चित करण्यासाठी आणि प्रयोगशाळेत तपासता यावे यासाठी ठरविलेले ते प्रशासकीय मापदंड आहेत. त्यामुळे द्राक्षाची वाईन पाण्यात मिसळून ०.४ टक्क्यावर आणली तरी ती हलाल होत नाही. तेथे निषेध स्रोत व हेतू यांमुळेच लागू राहतो. तसेच इंडोनेशियात अल्कोहोलचा अंश नसतानाही रम किंवा बिअर यांची चव वा नाव धारण करणाऱ्या पदार्थांना हलाल प्रमाणपत्र दिले जात नाही, कारण निषिद्ध वस्तूची गोडी लावणे टाळावे, असा विचार त्यामागे आहे.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

=== ऊस आणि द्राक्षे ===

महाराष्ट्र हे देशातील प्रमुख साखर उत्पादक राज्य असून साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांमध्ये मळीपासून इथेनॉल काढले जाते. वर दिलेल्या हनफी विभागणीनुसार हे द्राक्षेतर अल्कोहोल ठरते. दुसरीकडे नाशिक परिसर द्राक्षांच्या वाईनसाठी प्रसिद्ध असून राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्यामुळे एकाच राज्यात तयार झालेल्या दोन अल्कोहोलांना, अन्नातील द्रावक म्हणून, हनफी मुफ्ती वेगवेगळे निकष लावू शकतो. शाफई मुफ्तीपुढे मात्र हा भेद नसतो.

=== नीरा, ताडी आणि मोह ===

ताड, माड व शिंदी या झाडांचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. ती उन्हात काही तासांतच आंबू लागते व तिची ताडी होते. आंबणे लांबविण्यासाठी मडक्याला आतून चुना लावण्याची पद्धत आहे. नीरा हलाल व ताडी हराम, हा भेद नबीजच्या उदाहरणाशी मिळताजुळता आहे.

विदर्भातील यवतमाळ, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मोहाचे झाड सर्वत्र आढळते. मोहाची फुले वाळवून ती अन्न म्हणून खाल्ली जातात आणि तीच फुले आंबवून गाळल्यास दारू होते. फुलांत साखर असली तरी ती मादक नाहीत. त्यामुळे फुलांपासून केलेले लाडू किंवा पोळी यांच्याबाबत आक्षेप उद्भवत नाही. ज्या वस्तूपासून मद्य बनू शकते ती वस्तू त्या कारणाने हराम होत नाही, हा नियम द्राक्षे, खजूर, ऊस व मोह या सर्वांना सारखाच लागू आहे.

=== ताडीने फुगवलेला पाव ===

गोव्यात पाव फुगविण्यासाठी परंपरेने माडाची ताडी, म्हणजे सूर, वापरली जात असे. बाजारी यीस्ट आल्यावर ही पद्धत मागे पडली. असा पाव मुस्लिमांनी खावा का, हा प्रश्न भारतीय उलेमांपुढे आला होता. बरेली येथील विद्वान अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी नारळीच्या ताडीने आंबवलेल्या कणकेविषयी स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. अन्नघटक म्हणून अल्कोहोलचा प्रश्न कारखानदारीच्या आधीपासून भारतीय फिकह साहित्यात होता, हे यावरून दिसते. इमाम मुहंमद यांच्या मतानुसार ताडी स्वतः नजीस असल्याने तिने मळलेली कणीकही दूषित ठरते. ताडी द्राक्षे वा खजूर यांपासून झालेली नाही आणि भाजलेल्या पावाने नशा येत नाही, हा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने करता येतो. साध्या यीस्टच्या पावाबाबत हा वाद उद्भवत नाही; तेथे बाहेरून मादक पेय घातले जात नाही.

=== दारूबंदी कायदा आणि बलसारा खटला ===

मद्य कोणते आणि अल्कोहोलयुक्त अन्य वस्तू कोणती, हा प्रश्न धर्मनिरपेक्ष कायद्यापुढेही आला. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ मधील व्याख्येनुसार अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव 'मद्य' या संज्ञेत येत होता. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. मद्यावर बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. परंतु अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने बाळगणे, विकणे व वापरणे यांवरील निर्बंध अवाजवी ठरवून त्या मर्यादेत संबंधित तरतुदी रद्द केल्या.

त्यानंतर कायद्यात कलम २४-अ समाविष्ट करण्यात आले. मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य असलेली अल्कोहोलयुक्त प्रसाधने, औषधे व जंतुनाशके यांच्यासोबत स्वादार्क, इसेन्स व सिरप यांनाही त्याने सूट दिली. हा कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो. त्याचा धार्मिक नियमांशी संबंध नाही. तरीही 'हा द्रव नशेसाठी पिण्याजोगा आहे का' ही त्यातील कसोटी, अन्नातील द्रावकाला सवलत देणाऱ्या फतव्यांतील कसोटीच्या जवळ जाते.

== प्रमाणन आणि लेबल ==

भारतात अन्नपदार्थांसाठी हलाल प्रमाणपत्र घेणे कायद्याने बंधनकारक नाही. जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, मुंबईतील जमियत उलेमा-ए-महाराष्ट्र आणि चेन्नईस्थित हलाल इंडिया या संस्था अशी प्रमाणपत्रे देतात. निर्यातदारांना आयात करणाऱ्या देशाच्या मर्यादा पाळाव्या लागतात. त्यामुळे एकाच उत्पादकाला निरनिराळ्या बाजारपेठांसाठी निरनिराळे द्रावक निवडावे लागू शकतात. उत्तर प्रदेश शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, निर्यातीचा माल वगळता, हलाल प्रमाणित खाद्यपदार्थांचे उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. तिला न्यायालयात आव्हान देण्यात आले.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार ०.५ टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय 'मद्ययुक्त पेय' मानले जाते. त्याहून कमी अंश असलेले पेय कायद्याने अल्कोहोलविरहित गणले गेले, तरी त्यावरून ते धार्मिक दृष्ट्या हलाल आहे असा निष्कर्ष निघत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने लेबलवरील माहिती अपुरी असते. हिरवा ठिपका केवळ पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. अल्कोहोल वनस्पतिजन्य असल्याने त्याविषयी या चिन्हावरून काहीच कळत नाही. सुगंधद्रव्य घातले असल्याचे व ते नैसर्गिक की कृत्रिम हे लेबलवर लिहावे लागते. परंतु ते कशात विरघळवले आहे, हे सहसा दिलेले नसते. घटकांसोबत अत्यल्प प्रमाणात आलेल्या व अंतिम पदार्थात कोणतेही कार्य न करणाऱ्या द्रव्यांना घटकसूचीतून सूट असते. म्हणून बिस्किट किंवा आइस्क्रीममधील इसेन्समध्ये इथेनॉल आहे का, हे ग्राहकाला उत्पादकाकडे विचारणा केल्याशिवाय किंवा प्रमाणपत्राशिवाय समजत नाही.

== पदार्थनिहाय स्थिती ==

* '''ताजी फळे, फळांचा रस, दही, यीस्टचा पाव:''' नैसर्गिक अंश असला तरी सर्वसाधारणपणे हलाल मानले जातात.
* '''सिरका:''' हलाल. मद्यापासून मुद्दाम केलेल्या सिरक्याबाबत शाफई परंपरेत आक्षेप आहे.
* '''इथेनॉलमध्ये विरघळवलेले इसेन्स:''' विवाद्य. अनेक हनफी मुफ्ती द्राक्षे व खजूर यांव्यतिरिक्त अन्य स्रोताच्या अल्कोहोलला अनुमती देतात, तर कठोर मत मानणारे इसेन्स पावडर किंवा ग्लिसरॉलयुक्त पर्याय सुचवितात.
* '''सोया सॉस:''' नैसर्गिक किण्वनाचा असल्यास बहुतेक मंडळे मान्यता देतात. वेगळे मद्य घातले असल्यास देत नाहीत.
* '''रम केक, वाईनमधील मांस, ब्रँडीची चॉकलेटे:''' हराम; उरलेल्या प्रमाणाचा विचार केला जात नाही.
* '''अल्कोहोलविरहित बिअर:''' विवाद्य. अल्कोहोलचा शिल्लक अंश, निर्मितीची पद्धत व मद्याशी असलेले साधर्म्य या तिन्हींचा विचार केला जातो.
* '''आसव व अरिष्टे:''' द्राक्षासवासारख्या आयुर्वेदिक औषधांत किण्वनाने साधारणतः ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार होते. त्यांचा विचार अन्नाऐवजी औषधाच्या नियमांनुसार होतो. पर्यायी औषध उपलब्ध नसणे व वैद्यकीय गरज असणे या बाबी तेथे निर्णायक ठरतात.

== मतभेदांचे स्वरूप ==

सवलतीच्या बाजूने असणारे विद्वान धर्मात अनावश्यक अडचण नसावी या तत्त्वावर भर देतात. प्रत्येक सूक्ष्म अंश हराम ठरविल्यास पिकलेले केळेही वर्ज्य करावे लागेल, असे ते दाखवून देतात. विरोधी बाजूचे म्हणणे असे की, फळात आपोआप आलेला अंश आणि कारखान्यात जाणीवपूर्वक ओतलेले इथेनॉल यांची तुलना होऊ शकत नाही, विशेषतः अन्य द्रावक उपलब्ध असताना. संशयास्पद गोष्टी टाळणाऱ्याने आपला धर्म सुरक्षित राखला, या आशयाच्या हदीसचा ते आधार घेतात. सवलत मान्य करणारे अनेक मुफ्तीही पर्याय असल्यास अल्कोहोलविरहित पदार्थ घेणे श्रेयस्कर मानतात.

दोन्ही बाजूंमध्ये एका मुद्द्यावर एकमत आहे. मद्य म्हणून बनविलेले पेय अन्नात घालणे कोणत्याही प्रमाणात अनुज्ञेय नाही, आणि अन्नात आपोआप निर्माण होणाऱ्या व नशा न आणणाऱ्या अंशाने अन्न निषिद्ध होत नाही. मतभेद आहे तो या दोहोंच्या मधल्या पट्ट्याविषयी, म्हणजे मद्य म्हणून न बनविलेल्या, परंतु हेतुपुरस्सर मिसळलेल्या इथेनॉलविषयी.

== हे सुद्धा पहा ==

* हलाल
* फिकह
* किण्वन
* इथेनॉल
* सिरका
* नीरा
* मोह (वृक्ष)
* कोकणी मुस्लीम
* महाराष्ट्रातील दारूबंदी